बब्रुवान मिस्त्रीची बंद गाडी

अणदूरच्या बब्रुवान मिस्त्रीला खोटं बोलता येत नसे. गिऱ्हाइकाला तो तोंडावर सांगायचा, "तुमच्या गाडीत दम न्हाय, इकून टाका." धंदा त्यामुळं बेताचाच चालला, पण शब्दाला वजन आलं. म्हणूनच पुण्याच्या संग्रहालयाचा माणूस जुनी मोटार बघायला आला तेव्हा तिचा मालक रणधीर त्याला म्हणाला, "मिस्त्रींना विचारा. ते सांगतील ते खरं."

मोटार विलायती. रणधीरच्या पणजोबांनी निजामाच्या काळात हैदराबादहून आणलेली. रणधीर राहायला लातूरला, आणि आता तो मोटारीच्या शेडसकट अणदूरची जागा विकून मोकळा होणार होता. संग्रहालयानं मोटार घेतली तर घेतली, नाहीतर शुक्रवारी नळदुर्गचा भंगारवाला गॅस कटर घेऊन यायचा होता. संग्रहालयाची अट एकच : गाडी कारखान्यातून आली तशीच असावी, एकही भाग बदललेला नसावा. बंद असली तरी चालेल.

आता नव्वद वर्षं कुठलं यंत्र आपोआप जगतं? माणूस जगत नाही, तिथं लोखंडाची काय कथा! ही मोटार जगली ती बब्रुवानमुळं. दारांच्या आतलं लाकूड कुजलं, तेव्हा त्यानं बैलगाड्या करणाऱ्या सुताराकडून बाभळीचं करून घेतलं. पिस्टन गेला, तेव्हा विहिरीवरच्या इंजिनाचा आणून सोलापूरच्या लेथवर उतरवला. ब्रेकला साखर कारखान्यातल्या जुन्या पट्ट्याचे तुकडे बसवले. आणि नवा भाग जुन्यात उठून दिसला की त्याला झोप यायची नाही, म्हणून काजळी नि तेल चोळचोळून तो त्याला जुना करायचा. पंचेचाळीस वर्षं हेच. दर अमावास्येला गॅरेज बंद ठेवून तो शेड उघडायचा आणि मोटार आवारात एक फेरा फिरवायचा. कस्तुराबाई तिला सवतच म्हणायची.

संग्रहालयाचा माणूस तासभर बॅटरी घेऊन गाडीखाली पडून होता. बाहेर आला तो थक्क होऊन.

"काका, सगळं जिथल्या तिथं आहे हो! तुम्ही यातलं कधी काही बदललंत का?"

बब्रुवानच्या कामाबद्दल उभ्या जन्मात कुणी असं अगत्यानं विचारलं नव्हतं. सांगावं सगळं, असं त्याला फार फार वाटलं.

चहा घेऊन आलेली कस्तुराबाई कौतुकानं पुढं झाली. "बदललं का म्हंजे? साहेब, आवो यांनी तर—"

"तू गप ऱ्हा," बब्रुवान म्हणाला. मग त्या माणसाकडं न बघता बोलला, "न्हाय साहेब. म्या निस्ती पुसायचो. बारा वर्सं झाली, बंदच हाय."

"नशीबवान गाडी म्हणायची," म्हणत त्या माणसानं कागद पुढं केला. 'आजवर कोणतीही दुरुस्ती झालेली नाही.' बब्रुवाननं खाली सही केली. कस्तुराबाई कपबशा तशाच घेऊन आत गेली. दोन दिवस ती त्याच्याशी बोलली नाही.

गुरुवारी उजाडतानाच ट्रक आला. त्या दिवशी पहाटेच बब्रुवाननं मोटार शेवटची सुरू केली होती. आवारात एक सोडून तीन फेरे मारले आणि जागेवर आणून उभी केली. एका हिसक्यात सुरू झाली होती ती, पोरीसारखी गुणी.

सहा हमाल फळ्यांवरून तिला वर रेटू लागले. ती अर्ध्यावर जायची नि मागं यायची. एक हँडल मारलं असतं तर ती आपल्या पायानं वर गेली असती. ते तिथं एकट्या बब्रुवानला ठाऊक होतं, पण ती सुरू झाली असती तर सही केलेला कागद खोटा ठरला असता. तो पुढं गेला नि बॉनेटवर दोन्ही तळवे टेकून उभा राहिला, दुसऱ्या कुणाचा हात तिथं लागू नये म्हणून. पत्रा अजून कोमट होता.

"आज्या, मढं हाय का मोटार?" एक हमाल धापा टाकत म्हणाला. "जीवच न्हाय हिच्यात."

बब्रुवानचे डोळे भरून आले. तळवे त्यानं उचलले नाहीत.

"व्हय बाबा, मढंच हाय," तो म्हणाला. "जपून चढवा."