कासापाची बाई

“कासापाच्या बाईने विचारलंय,” विदालिना म्हणाली, “गाठ दुखत नसेल तर ती साधीच असते ना?”

मिर्ता नर्सने शिंगातला शेवटचा घोट नळीतून सुर्रकन ओढला आणि रिकामं शिंग माझ्याकडे परत दिलं.

“दुखत नाही म्हणून साधी, असं काही नसतं. तिला म्हणावं, एकदा येऊन दाखवून जा. बघितल्याशिवाय मी काय सांगू?”

“सांगते,” विदालिना म्हणाली, आणि उखळातला पुदिना उगाचच जोरजोरात कुटू लागली.

कॅन्सरच्या हॉस्पिटलचं गेट आणि आमचं आंब्याचं झाड यांच्यामध्ये फक्त रस्ता आहे. झाडाखाली एका बाजूला विदालिनाचं झाडपाल्याचं टेबल, दुसऱ्या बाजूला माझी चिपांची टोपली. चिपा म्हणजे कसाव्याच्या पिठाचे, चीज घातलेले छोटे पाव; गरम आहेत तोवरच खपतात, त्यामुळे दहापर्यंत माझं निम्मं काम उरकलेलं असतं. तेवढ्यात मिर्ता वॉर्डातून सुटून येते आणि आमचं तेरेरे सुरू होतं. गाईच्या शिंगात येर्बाची, म्हणजे आमच्याकडच्या चहाची पानं, थर्मासात बर्फाचं पाणी, पाण्यात विदालिनाने कुटलेला पाला, आणि तिघींत मिळून एक नळी. ओतायचं मी. जिचा नंबर असेल तिने पिऊन शिंग परत द्यायचं. जो तुमच्याबरोबर नळी वाटून घेत नाही तो एक तर परका, नाही तर वैरी. तिसरा प्रकार आमच्या पाराग्वायमध्ये नाही.

विदालिना माझ्यापेक्षा वयाने बरीच मोठी. येणारे-जाणारे तिला मानाने न्या विदालिना म्हणतात. मीही म्हणते, भांडण चालू नसेल तेव्हा.

लांबलांबच्या बसमधून पेशंट उतरतात, त्यांच्याबरोबर बायका, मुलं, सुना असतात, आणि गेटातून आत जायच्या आधी सगळ्यांचे पाय विदालिनाच्या टेबलाशी थबकतात. पाला घेणं हे निमित्त. डॉक्टरसमोर जे तोंडातून निघत नाही, ते सगळं इथे बाहेर पडतं. सुई टोचून तुकडा काढला की तो अंगभर पसरतो, हे खरं का? केस परत येतात का, आणि कुरळे येतात का? नवऱ्याला अजून सांगितलं नाही, तर चालेल का? एकाने तर विचारलं होतं, केमोच्या दिवशी फुटबॉलची मॅच बघितली आणि आपली टीम हरली, तर औषधाचा असर कमी होतो का?

विदालिना कधी फुशारकी मारत नाही. माझ्या पाल्याने हा आजार बरा होतो, असं तिने पोटासाठीसुद्धा कधी म्हटलं नाही. “माझा पाला तहानेला, पोटाला आणि झोपेला,” ती म्हणते. “बाकीचं गेटाच्या आतलं. पण विचारून सांगते.” मग दहा वाजता ती मिर्तापुढे एकेक प्रश्न ठेवते. विचारणाऱ्यांची नावं तिला माहीत नसतात. ज्याने जो पाला घेतला तेच त्याचं नाव.

“पुदिनावाल्याने विचारलंय, सुईचं खरं का?”

“सुईने पसरत नाही. सुईने कळतं.”

“आणि गवती चहावाली विचारते, केसांचं काय?”

“येतात. कुरळे आले तर मला दाखवायला ये म्हणावं.”

खरं सांगायचं तर मला आणि विदालिनाला या प्रश्नोत्तरांची चटकच लागली होती. माणसाच्या डोक्यात काय काय येतं, याचं आम्हाला भारी कौतुक. आणि चौकसपणात मी विदालिनाच्या एक पाऊल पुढेच आहे. दुसऱ्याच्या पिशवीत काय आहे ते दिसेपर्यंत मला चैन पडत नाही.

त्यामुळे ही कासापाची बाई माझ्या डोक्यात घोळू लागली. बाकी सगळे पुदिनावाले, गवती चहावाल्या, आणि ही एकटीच गावाच्या नावाने. म्हणजे हिने पाला घेतलाच नाही? पाला न घेता नुसते प्रश्न विचारून जाते? आणि एकदा नाही, आठवडाभर रोज. गाठ हलते की नाही याने काही कळतं का. काखेतसुद्धा येते का. आईला नव्हता तरी होतो का. मी सकाळपासून झाडाखाली असते. मला ही बाई एकदाही कशी दिसली नाही?

मी बसस्टॉपवरच्या कंडक्टरला एक चिपा देऊन विचारलं, “कासापाची गाडी कधी येते रे?”

“दुपारी दोन-अडीचला. का, कोणी पाहुणे यायचेत?”

“नाही, सहज,” मी म्हटलं. दोन-अडीचला येणारी बाई दहाच्या आत प्रश्न विचारते कशी, हे कोडं घेऊन मी परत आले. विदालिनाला विचारायला हवं होतं. पण कोडं सोडवण्यात जी मजा आहे ती उत्तर मागून घेण्यात नाही, म्हणून गप्प बसले.

एका शुक्रवारी विदालिनाने आणखी एक प्रश्न काढला. “कासापाच्या बाईने विचारलंय, एकाच नळीने प्यायलं तर हा आजार दुसऱ्याला लागतो का?”

मिर्ता उत्तर देणार तोच गेटातून तिला हाक आली. कोणाची तरी सलाईनची सुई निघाली होती. शिंग माझ्या हातात देऊन ती पळाली, आणि प्रश्न तसाच झाडाखाली राहिला.

सोमवारी विदालिनाने टेबलाखालून एक नवा कोरा पत्र्याचा पेला काढला. त्यात नवी नळी. मी ओतायला शिंग हातात घेतलं तर म्हणाली, “तुमचं चालू द्या. मी माझं वेगळं घेते आजपासून.”

मला आधी वाटलं, थट्टा करतेय. मग ती खरंच आमच्याकडे अर्धी पाठ करून एकटी प्यायला लागली.

“माझ्या तोंडाला वास येतो का?” मी विचारलं.

“असं कुठे म्हटलं मी?”

“मग मिर्ताच्या?”

“मला मध्ये ओढू नका गं,” मिर्ता म्हणाली, पण तिची नजर विदालिनाच्या पेल्यावर होती.

माझा संताप झाला. इतकी वर्षं एका नळीने प्यायलो, माझ्या नवऱ्याने घर सोडलं तेव्हा हिच्याच खांद्यावर रडले, आणि आता ही शहाणी झाली. मंगळवारी मी तिच्यासाठी बाजूला ठेवायची ती चिपा ठेवली नाही. तिने मागितलीही नाही. येणाऱ्या गिऱ्हाइकाला मी मुद्दाम मोठ्याने सांगत होते, “घ्या, घ्या, माझ्याकडे आपपरभाव नसतो.” विदालिना ऐकून न ऐकल्यासारखं करत होती. त्या दिवशी तिने एकही प्रश्न मिर्तापुढे ठेवला नाही, आणि तेरेरे पाण्यासारखं बेचव लागलं.

बुधवारी सकाळी एक म्हातारा चिपा घ्यायला आला. सुट्टे शोधता शोधता म्हणाला, “तुम्ही इथल्याच का?” मी म्हटलं, मी इथलीच, जन्मापासून. “आणि ती पालावाली?” माझ्या तोंडून उत्तर निघून गेलं, “ती तिकडची, कासापाची. लहान असताना आली इकडे.”

म्हातारा निघून गेला. टोपलीवरचं फडकं हातात धरून मी तशीच उभी राहिले. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ती गत झाली होती माझी. मग मला काखेचाच प्रश्न आठवला, आणि नळीचाही.

मी तिच्या टेबलाशी गेले. ती पाठमोरी बसून आपल्या पत्र्याच्या पेल्यातून पीत होती. मी तो पेला तिच्या हातातून ओढून घेतला आणि नळीला तोंड लावून तळाशी जाईपर्यंत प्यायले.

“अगं सोड, निमिया, वेडी आहेस का? तुला लागेल.”

“लागू दे. कुठे आहे?”

“काय कुठे?”

“गाठ, विदालिना. कुठे आहे?”

तिने इकडेतिकडे बघितलं आणि डावा हात छातीशी घट्ट धरला. “इथे. सान हुआनच्या जत्रेच्या आधीपासून.”

जत्रा जूनमध्ये झाली होती आणि आता डिसेंबर आला होता, आमच्याकडचे आंबे पिकून खाली पडत होते. मला तिला बदडून काढावंसं वाटलं आणि मिठीही मारावीशी वाटली. दोन्हीतलं काहीच केलं नाही.

“इतके दिवस गेटासमोर बसून? मिर्ता रोज सांगत होती, येऊन दाखव म्हणून.”

“ती कासापाच्या बाईला सांगत होती.”

“अगं पण...”

“हे बघ. आत जाणारे मी बघते आणि बाहेर येणारेही बघते. इथून बघायला मला काही वाटत नाही. विचारायलाही आवडतं. पण ते उत्तर माझ्या स्वतःच्या घरी आलेलं नकोय मला.” तिने पेला माझ्या हातातून परत घेतला. “आणि जिला स्वतःला झालाय तिच्या हातचा पाला कोण घेईल? तिच्या नळीने कोण पिईल?”

“मी आत्ता प्यायले ना.”

“तू अडाणी आहेस.”

“आहेच. ऊठ.”

“टेबल कोण बघेल?”

“टेबलाला काय बघायचंय? पाला पळून जाणार आहे का?”

ती उठली. हात एप्रनला पुसले, परत पुसले, केसांवरून फिरवले. रस्ता ओलांडताना तिने माझं मनगट धरलं होतं. इतकी वर्षं त्या गेटासमोर बसून ती एकदाही त्याच्या आत गेलेली नव्हती. गेटावरचा वॉचमन हसून म्हणाला, “काय न्या विदालिना, कोणाचं काय राहिलं बाहेर? द्या, मी पोचवतो.”

“कोणाचं नाही,” ती म्हणाली. “मीच आलेय.”

तो हसायचा थांबला आणि त्याने गेट जरा जास्तच उघडलं.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी तपासलं, सुई टोचून बघावी लागेल असं सांगितलं, आणि मग खुर्ची पुढे ओढून विचारलं, “तुम्हाला काही विचारायचंय का?”

दुनियेचे प्रश्न जिभेवर घेऊन बसणारी बाई, पण तिच्या तोंडून अक्षर निघेना. ती आपल्या हिरवट पडलेल्या बोटांकडे बघत राहिली.

मिर्ता दारात येऊन उभी होती. ती हळूच म्हणाली, “न्या विदालिना, कासापाच्या बाईचं काही होतं ना?”

विदालिनाने मान वर केली. मिर्ताला कधीपासून माहीत होतं ते मी अजून विचारलेलं नाही.

“हो,” विदालिना म्हणाली. “तिने विचारलंय, उशीर झालाय का?”

“ते सुईनंतर कळेल,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “पण आज आल्या ते चांगलं केलं, असं सांगा त्यांना.”

“आणि नळीने लागतो का?”

“नाही. नळीने नाही, ताटाने नाही, मिठीने नाही.”

विदालिनाने माझ्याकडे बघितलं. मग तिने एकेक करून सगळं विचारलं. डॉक्टरीणबाई प्रत्येक वेळी “त्यांना सांगा” म्हणूनच उत्तर देत होत्या. विदालिनाने कासापाच्या बाईतर्फेच रडून घेतलं, आणि मी माझ्यातर्फे.

गाठ साधी निघाली नाही. काखेपर्यंत पोचली होती. केमो सुरू झाली आणि मिर्ताने झाडाखाली येऊन दोन फर्मानं काढली. एक, डॉक्टरांना विचारल्याशिवाय विदालिनाने स्वतः कुठलाही पाला घ्यायचा नाही. दुसरं, तिचा पेला आणि नळी वेगळी.

“म्हणजे मी म्हणत होते तेच झालं,” विदालिना म्हणाली.

“तेच नाही,” मिर्ता म्हणाली. “केमोत तुझी ताकद उतरते. आमच्या तोंडातलं तुला सोसणार नाही.”

पत्र्याचा पेला परत निघाला. आता ती आमच्याकडे पाठ करत नाही. केमोनंतरचे काही दिवस ती येत नाही आणि मी तिचं टेबल लावते, पण मी कुटलेल्या पाल्याला तिच्या हातची चव नाही, असं गिऱ्हाइकं तोंडावर सांगतात. विदालिना परत आली की त्यांचं बोलणं मी तिला तिखटमीठ लावून सांगते, तेव्हा ती खूश होते. पुढे काय होईल ते मला माहीत नाही. रात्री देवासमोर मेणबत्ती लावते तेव्हा मी काही मागत नाही, नुसती बसते. भीती वाटते.

परवा सकाळी एक मुलगी बापाला घेऊन आली. बापाला तिने जरा दूर, भिंतीजवळच्या बाकावर बसवलं आणि त्याच्या हातात प्लास्टिकचा पेला दिला. मग टेबलाशी येऊन हळू आवाजात म्हणाली, “न्या, आम्ही घरात बाबांचं सगळं वेगळं ठेवलंय. पेला, चमचा. लहान मुलं आहेत ना घरात. बरोबर केलं ना?” आणि तिची नजर विदालिनाच्या पत्र्याच्या पेल्याकडे गेली, मग तिच्या डोक्याच्या रुमालाकडे. “तुम्हीसुद्धा वेगळंच ठेवलंय.”

विदालिना एरवी म्हणाली असती, विचारून सांगते. मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले.

“पोरी, माझं यांना लागेल म्हणून हा पेला वेगळा नाही,” ती म्हणाली. “यांचं मला लागू नये म्हणून आहे. ही निमिया बघ, बारा महिने हिचं नाक गळतं.”

“माझं?” मी म्हटलं.

“तुझं. आणि पोरी, आणखी काय असेल ते आत जाऊन स्वतःच्या तोंडाने विचार. दुसऱ्या कोणाच्या नावाने विचारू नकोस, वेळ जातो. पण आधी बापाजवळ जाऊन बस. तो केव्हाचा इकडे बघतोय.”

माझ्याकडून एक चिपा घेऊन मुलगी बाकाकडे गेली आणि बापाला चिकटून बसली. तिने चिपा मोडून अर्धी त्याला दिली. त्याने त्या अर्ध्यातला एक तुकडा मोडला आणि तिच्या तोंडापुढे धरला.

तिने तो खाल्ला.

मी शिंग हातात घेऊन तिकडेच बघत राहिले होते. विदालिनाने रुमाल कपाळावर खाली ओढला आणि तिचा पेला माझ्यापुढे सरकवला.

“बघत काय बसलीस? ओत,” ती म्हणाली. “माझा नंबर आहे.”