ओकेचे तीन आठवडे

संपत थोरात रजिस्टर टेबलावर ठेवून दोन पावलं मागे सरकला. दुपारचे साडेतीन वाजले होते. पहिली पाळी सुटत होती, आणि रेकॉर्ड सांभाळणाऱ्या क्लार्क सुलक्षणाबाईंचा शिक्का बसल्याशिवाय पाळी सुटली असं कारखान्यात कुणी मानत नसे.

बाईंनी चष्मा खाली ओढला. संपतने लिहिलं होतं, ‘टुडे मॉर्निंग मशीन टू इज गिव्हिंग सो मच ट्रबल. प्लीज डू द नीडफुल.’

बाईंनी मोठ्याने वाचलं, “धिस मॉर्निंग मशीन टू गेव्ह ट्रबल. प्लीज चेक द ऑइल पंप. ऑइल पंपच ना, संपतराव?”

“व्हय, पंपच.”

“मग तेवढं खाली लिहा. वाचणाऱ्याला कळू दे काय चेक करायचं.”

संपतने पंप लिहिला. दुसऱ्या दिवशी त्याच्या नोंदीत ‘धिस मॉर्निंग’ आलं, आणि ते जन्मापासून आपलंच आहे अशा थाटात आलं.

ही बाईंची रीत. कारेगावच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये मोटारीचे सुटे भाग दाबून निघायचे, आणि सहा सुपरवायझर आपापल्या इंग्रजीत पाळीचा अहवाल लिहायचे. गिऱ्हाईक कंपनीचे लोक तपासायला येत, म्हणून इंग्रजीत. बावीस वर्षं सुलक्षणाबाई गव्हाणे हे अहवाल घेत होत्या, आणि बावीस वर्षांत ‘हे चुकलं’ असं त्या कुणाला म्हणाल्या नव्हत्या. लिहिलेलं चुकीचं असलं तरी त्या वाचायच्या बरोबर. ज्याला कळायचं त्याला कळायचं. ज्याला नाही कळायचं, त्याचीही भाकरी गोडच लागायची. अर्थच बदलत असेल तर मात्र त्या प्रश्न विचारत, तोही माणूस एकटा असताना.

शाळेत असताना बाईंनी वर्गात एक धडा वाचला होता आणि त्यांचा एक चुकलेला उच्चार मास्तरांनी आठवडाभर सगळ्या वर्गाकडून म्हणवून घेतला होता. त्यानंतर मॅट्रिकपर्यंत बाईंनी हात वर केला नाही. ही गोष्ट त्या कुणाला सांगत नसत.

मोजायची सवय मात्र लपत नसे. ‘मायसेल्फ संपत’ घालवायला अकरा दिवस लागले. ‘कझन ब्रदर’ वर्षभराने गेला. ‘रिव्हर्ट बॅक’ अजून कारेगावातून हललेलं नाही, आणि बाईंच्या अंदाजाने त्या रिटायर होईपर्यंत हलायचंही नाही.

जूनमध्ये नवे मॅनेजर आले. सत्यजीत सर, वय तेहतीस, पुण्याहून. माणूस वाईट नव्हता. आल्या आल्या त्यांनी शेडमध्ये मोठे पंखे बसवून घेतले, ही गोष्ट आधीच्या तीन मॅनेजरांना जमली नव्हती. स्वतः सकाळी सातला हजर असत. फक्त त्यांना सुधारणेची घाई होती, आणि सुधारणा म्हटली की ती चार लोकांसमोर व्हायला हवी असा त्यांचा समज होता.

सातच्या उभ्या मीटिंगला त्यांनी एक नवा कार्यक्रम सुरू केला. नाव ठेवलं ‘आजची चूक’. आदल्या दिवशीच्या रजिस्टरमधली एक ओळ ते वाचून दाखवत आणि मग ती कशी असायला हवी ते सांगत. सांगत ते बरोबरच. तिसऱ्याच दिवशी पाळी संपतवर आली.

“‘मशीन टू इज सफरिंग फ्रॉम लीकेज.’ सफरिंग? मग सलाईन लावायचं का मशीनला?”

चाळीस माणसं हसली. संपतही हसला, पण जरा मागाहून. शेचाळीस वर्षांचा माणूस. न्हावऱ्याच्या दूध संस्थेचा संचालक. तिथे त्याची सही झाल्याशिवाय टँकर हलत नसे आणि दोन पिढ्यांची माणसं त्याला आबा म्हणत. त्या हसणाऱ्यांत चौघे त्याच्याच गावचे होते. हे कुणी सरांना सांगितलं नव्हतं, आणि सरांनी विचारलं नव्हतं.

त्या दुपारी रजिस्टर आलं. संपतच्या रकान्यात एकच शब्द होता, ‘ओके’.

आठवड्याभरात सहाही जणांचं ओके झालं. सरांनी भिंतीवर तक्ता लावला. पहिल्या आठवड्यात चुका एकोणीस, दुसऱ्यात सहा, तिसऱ्यात शून्य. शून्याभोवती त्यांनी हिरव्या पेनाने गोल केला.

बाईंनी वेगळं मोजलं. मे महिन्यात एका पाळीला सरासरी अकरा ओळी होत्या. आता एक शब्द.

“संपतराव, आजकाल आपल्या मशिनी फार निरोगी झाल्यात,” त्या एका दुपारी शिक्का मारता मारता म्हणाल्या.

“मशिनी हायेत तशाच हायेत, मॅडम. आमचं इंग्रजी आजारी पडलंय.”

“आणि जे सांगायचं ते?”

“तोंडी सांगतो की. शंभू येतो माझ्या जागी, त्याला उभ्या उभ्या सांगतो. त्याला काय सफरिंग न्हाई लागत.”

बाईंनी शिक्का मारला. खरं तर त्याच दिवशी त्यांनी केबिनचं दार ठोठावायला हवं होतं. पण सर तक्त्यावर खूश होते, निवृत्तीला दोन वर्षं उरली होती, आणि मॅनेजरला कसं वाचून दाखवायचं याचा अनुभव त्यांच्या गाठी नव्हता. एक अपवाद होता. सरांच्या प्रत्येक मेलमध्ये ‘डिस्कस अबाउट’ असे, आणि मेल टाइप करून पाठवताना बाई त्यातलं ‘अबाउट’ गुपचूप काढून टाकत. सरांना ते कधी कळलं नव्हतं.

शनिवारी व्हायचं ते झालं.

चार नंबरच्या प्रेसला दोन बटणं होती. दोन्ही एकदम दाबली तरच प्रेस खाली यायची, म्हणजे दोन्ही हात बाहेर राहावेत. त्यातलं डावं बटण आत अडकून बसलं होतं, म्हणजे आता एकटं उजवं दाबलं तरी प्रेस खाली येणार होती. संपतला ते बुधवारीच दिसलं. “चारला कुणाला बसवू नको,” असं त्याने शंभूला सांगितलं आणि दोन दिवस चार बंद राहिली. शनिवारी शंभूच्या घरी जागरण-गोंधळ होता. त्याच्या बदली आलेल्या सुपरवायझरने रजिस्टर उघडलं. ओके. त्याने चार नंबरवर अंकिता या कंत्राटी कामगार मुलीला बसवलं.

अंकिता पत्रा डाव्या हाताने सरळ करत होती. उजवा हात बटणावर टेकला आणि प्रेस खाली आली.

कंत्राटदाराने सगळ्यांना एकाच मापाचे हातमोजे दिले होते, पुरुषांच्या मापाचे. अंकिताची बोटं मोज्यात टोकापर्यंत पोचतच नव्हती. प्रेसखाली गेली ती मोज्याची रिकामी टोकं. तिने हात ओढून काढला, मोजा तिथेच राहिला. ती खाली बसली आणि बराच वेळ बोटं मोजत राहिली.

सोमवारी नऊ वाजता सरांनी बाईंना केबिनमध्ये बोलावलं. काचेबाहेरच्या बाकावर संपत बसला होता. युनिफॉर्म इस्त्रीचा, हात गुडघ्यांवर. सरांच्या टेबलावर तो मोजा होता, दोन बोटं कागदासारखी चपटी.

“एवढं टाइप करा, मॅडम. अकराला त्याला द्यायचंय.” सरांनी हाताने लिहिलेला कागद पुढे केला. चारच ओळी होत्या. माहीत असलेला दोष संपत थोरात यांनी नोंदवला नाही. त्यांना कामावरून कमी का करू नये, याचा खुलासा दोन दिवसांत द्यावा.

बाईंनी आधी केबिनचं दार लावलं.

“एकदा वाचून दाखवते, सर. टाइप करण्याआधी मी वाचते, सवय आहे.”

“वाचा.”

बाईंनी चष्मा खाली ओढला आणि मराठीत वाचायला सुरुवात केली. “संपत थोरात यांनी चार नंबरचा दोष तोंडी सांगितला, लिहिला नाही. मे महिन्यात ते एका पाळीला अकरा ओळी लिहीत होते. त्यांची एक ओळ सगळ्यांसमोर वाचली गेल्यापासून ते एक शब्द लिहितात. बाकीचे पाचही जण तोच शब्द लिहितात. रेकॉर्ड सांभाळणाऱ्या क्लार्कबाईंना हे तीन आठवडे दिसत होतं. त्यांनीही ते कुणाला सांगितलं नाही.”

सरांनी आपला कागद ओढून पुन्हा बघितला.

“हे मी लिहिलेलं नाही,” सर म्हणाले.

“नाही का? मग चष्म्याचा नंबर बघायला हवा.” बाईंनी काखेतली दोन रजिस्टरं टेबलावर शेजारी शेजारी उघडून ठेवली. एक मे महिन्याचं, एक चालू.

सर पानं उलटत राहिले. एकदा भिंतीवरच्या तक्त्याकडे बघून पुन्हा रजिस्टरात बघितलं. मग विचारलं, “मेमध्ये चुका किती होत्या?”

“भरपूर. पण पंप म्हणजे पंप हे कळत होतं, सर.”

“उद्या गिऱ्हाईकांपुढे यांचं हसं होऊ नये, एवढंच होतं माझ्या मनात.”

“हेतू चांगलाच होता तुमचा. म्हणून तर दार लावून वाचलं.”

सरांनी चपटा मोजा उचलला, पुन्हा ठेवला. मग पेन घेऊन कागदावरची कामावरून कमी करण्याची ओळ खोडली. दोष लिहिला नाही, ही ओळ खोडताना त्यांचा हात थांबला.

“ती राहू द्या,” बाई म्हणाल्या. “ते खरं आहे. संपतरावही नाही म्हणायचे नाहीत.”

“आणि तुमचं?”

“माझंही खरंच आहे. वेगळा कागद करा.”

सरांनी त्यांच्याकडे नीट बघितलं. मग दुसरा कागद ओढला आणि लिहू लागले.

बाईंनी दोन्ही मेमो स्वतः टाइप केले. बाईंच्या मेमोत सरांनी ‘डिस्कस अबाउट’ लिहिलं होतं. बाईंनी नेहमीप्रमाणे ‘अबाउट’ गाळलं, प्रिंट काढली आणि पोच म्हणून सही केली.

संपतने आपला कागद बाहेर उभ्यानेच वाचला. “एवढंच?”

“एवढंच. मलाही मिळालाय.”

“तुमाला कशापायी?”

“तुमचं ओके मला कळत होतं, म्हणून.”

संपतने कागद आणखी एकदा वाचला. कागदाची घडी करून त्याने खिशात ठेवली. त्या दुपारी रजिस्टर आलं ते नऊ ओळींचं. चार नंबर, डावं बटण, नवं कधी बसवलं, कुणी तपासलं, सगळं होतं. चुका सात होत्या. बाईंनी त्या मोजल्या आणि शिक्का मारला.

मंगळवारी सातच्या मीटिंगला भिंतीवर तक्ता नव्हता, चिकटपट्टीचे चार डाग तेवढे होते. सरांनी रजिस्टर उघडलं तसे सहाही सुपरवायझर जमिनीकडे बघू लागले. या आठवड्यात पहिल्या पाळीला आलेली अंकिता तिसऱ्या रांगेत होती, हातात नवे, तिच्या मापाचे मोजे.

“फर्स्ट शिफ्ट, मिस्टर थोरात,” सरांनी वाचायला सुरुवात केली. दुसऱ्या ओळीवर ते अडखळले. चाळीस माणसांना ते ठाऊक होतं, अडखळले म्हणजे आता हसायचं. सरांनी घसा साफ केला आणि ओळ वाचली. वाचली ती बरोबर.

“डावं बटणच ना, संपतराव?”

“व्हय, सर. डावं.”

सर पुढच्या ओळीवर गेले. संपतने एकदाच मान वळवून मागे बघितलं. मागे सुलक्षणाबाई पेनाचं टोपण शोधत होत्या.

मीटिंग संपल्यावर बाईंनी कपाटातून स्वतःची फाईल काढली. बावीस वर्षांत तिच्यात एकच कागद होता, नेमणुकीचं पत्र, पिवळं पडलेलं. त्यांनी मेमोला पंचने दोन भोकं पाडली, कडा जुन्या कागदाशी जुळवल्या, आणि तो त्यावर लावला.