नारूचं विमानातलं जेवण

होडीच्या इंजिनाचं काम शिकायला डहाणूचा नारू पहिल्यांदाच विमानाने कोचीला निघाला. बायको शांती बोंबील-भाकरी बांधू लागली, तर हा म्हणाला, "विमानात पंगत वाढतात. तिथे डबा काढला तर माझी लाज जाईल." पंगतीसाठी पोट रिकामं हवं म्हणून त्याने सकाळचा चहाही टाळला.

विमानात त्याच्या हातात खोक्यातला बर्गर आला. तो संपवून नारू ताटाची वाट बघत बसला, तोवर रिकामं खोकंही उचललं गेलं. शेजारच्या कोटवाल्या गृहस्थाने मात्र थेपल्यांचा डबा उघडून त्याच्यापुढे धरला. नारूने मान खाली घालून खाल्लं.

"काय काय वाढलं?" शांतीने फोनवर विचारलं.

"एक पाव. बाकीचं जेवण मी घरी ठेवून आलो, अकलेसकट."

तिने हसत फोन शेजारणीला दिला. नारूने तिलाही सगळं पहिल्यापासून सांगितलं.