इथे म्हणजे कुठे?

अभ्यासिकेसाठी बनवलेल्या आपल्या वेबपानाचा गंधालीला भारी अभिमान! मुलुंडच्या अभ्यासिकेत फळ्यावर ती सूचना लावायची ना, अगदी तशाच तिने पानावर चढवल्या होत्या. वर सूचना, आणि खाली बाण काढायच्या जागी ‘इथे क्लिक करा’. नऊ सूचना, नऊ वेळा. आता यात कोण कसली चूक काढणार?

काढली माधुरीने. तिला दिसत नाही. स्क्रीन वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर ती सगळं ऐकून करते. बँक परीक्षेच्या मोफत वर्गाचा अर्ज आज सहापर्यंतच भरायचा होता, आणि पाचला बाई तणतणत अभ्यासिकेत हजर.

“दोनदा भलताच फॉर्म भरला मी! एकदा लॉकरचा, एकदा योग शिबिराचा. वाट लावलीस यार!”

“अगं, वर स्पष्ट लिहिलंय ना!” गंधाली फणकारली. “आण इकडे, मीच भरून देते.”

“आज तू भरशील. उद्या हॉल तिकीट काढायलाही तूच येणारेस का? ऐक आधी.”

माधुरीने आपल्या लॅपटॉपचा इअरफोन उपटला. अख्खं पान ऐकत बसायला वेळ कुणाला असतो? ती नुसती लिंकची यादी काढते. एक बटण दाबलं आणि लॅपटॉप बोलू लागला. इथे क्लिक करा. इथे क्लिक करा. इथे क्लिक करा...

सहाव्या वेळेला गंधालीचं तोंड एवढंसं झालं. लाज वाटली तिला, खरंच लाज वाटली. खुर्ची ओढून तिने ते खोडलं आणि लिहिलं, ‘अर्ज भरा’.

“कशाचा?” माधुरीने विचारलं. “अर्ज तीन आहेत.”

“बाई गं, किती छळशील!” म्हणत गंधालीने लिहिलं, ‘बँक परीक्षा वर्गाचा अर्ज भरा’. मग उरलेल्या आठही लिंक नीट केल्या.

साडेपाचला माधुरीने यादी पुन्हा ऐकली, बँक वर्गाच्या लिंकवर एंटर मारलं, भराभर टाइप करून पाठवून दिलं. ‘अर्ज मिळाला’, लॅपटॉप म्हणाला.

“कुणालाही न विचारता भरला गं,” माधुरी म्हणाली. गंधालीने तिला घट्ट मिठीच मारली.

“सोड, वेळ नाहीये!” म्हणत माधुरी बाजूला झाली. कांजूरमार्गचा नितेश तिच्याच कॉम्प्युटर क्लासमधला. त्यालाही दिसत नाही, आणि काल याच पानापुढे त्याने हात टेकले होते. माधुरीने त्याला फोन लावला.

“नितेश, वीस मिनिटं आहेत रे. बस लॅपटॉपपुढे. आता कळतंय कुठे जायचं ते. नाही, मी नाही भरणार. तूच भर.”