हातमोज्यांचा दुसरा जोड

“या खेपेला तू बोलायचंस. मागच्या वेळी मी तीन कप चहा प्यायलो, दोन रुमाल गायब केले आणि हात हलवत परत गेलो,” जादूगार कुरकुरला.

“मी पडलो विदूषक. मी गंभीर तोंड केलं की माणसं आधीच हसायला लागतात,” विदूषक चहात बिस्कीट बुडवत म्हणाला. “आणि सुरुवात कुठून करायची ते तरी सांग.”

ही कुजबुज काही कोपऱ्यात जाऊन चालली नव्हती. ज्यांच्याविषयी ती होती ते ऑर्गनमास्तर त्याच टेबलाशी, दीड हातावर, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणून स्वरलिपीचे कागद क्रमाने लावत बसले होते. मधेच त्यांनी मान वर केली, दोघांकडे बघून प्रसन्न हसले आणि म्हणाले, “घ्या ना, बिस्किटं घ्या.” दोघांनी निमूटपणे आणखी एकेक बिस्कीट उचललं.

खिडकीपाशी शिवणयंत्रावर बसलेल्या मास्तरांच्या बायकोला मात्र अक्षर न् अक्षर ऐकू आलं. राजांचे अंगरखे आणि राक्षसांच्या शेपट्या शिवण्यात तिचा जन्म गेला होता. नाटकगृहात तिला बाई म्हणत, पण लॉजमधली ही मंडळी पहिल्यापासून वहिनी म्हणत आली, म्हणून आपणही वहिनीच म्हणू.

ही लॉज म्हणजे उतरायची जागा नव्हे, फ्रीमेसन नावाच्या जुन्या, गुपितं पाळणाऱ्या बंधुमंडळाची शाखा, पण त्यातही निराळी. हिचे बहुतेक सगळे सभासद रंगमंचावर पोट भरणारे. बाकीच्या लॉज संध्याकाळी भरत, ही भर दुपारी, कारण संध्याकाळी एक जण तोंडाला रंग फासत असे आणि दुसरा पेटीतल्या बाईला करवतीने कापत असे. विधीतली लांबलचक भाषणं कागद न बघता म्हणायची असा त्यांच्यात कडक नियम. इतर ठिकाणी वकील आणि दुकानदार त्यापायी घामाघूम होत म्हणे. इथे अडचण उलटी होती. इथे एकाला चार ओळी दिल्या की तो बारा ओळींचा अभिनय करी. दाराबाहेर पहारा द्यायला एक म्हातारे प्रॉम्प्टर होते. आत कुणी शब्दाला अडखळला की त्यांना राहवत नसे, ते बंद दाराच्या फटीतून वाक्य पुरवत.

वहिनींना हे सगळं ऐकून ठाऊक, तेही अर्धवट. चाळीस वर्षं त्या मास्तरांचा विधीला घालायचा पांढरा एप्रन आणि हातमोजे इस्त्री करत आल्या होत्या, पण लॉजच्या आत पाऊल टाकलं नव्हतं. “काय करता हो तिथे?” त्या विचारत. “सांगता येत नाही,” मास्तर म्हणत. “नका सांगू. एप्रनवरचा डाग सांगतो. आज जेवायला रस्सा होता.”

खरं तर काही गोष्टी त्यांना न सांगताच कळल्या होत्या. लॉजमधला ट्रंपेटवाला वर्षभर खाटेला खिळला होता, तेव्हा रोज कुणी ना कुणी त्याच्या उशाशी बसलेलं असे. विदूषकाने तर त्याला अंघोळ घातली होती. ओळंबा आणि गुण्या या गवंड्याच्या हत्यारांच्या नावाने हे लोक शपथा घेतात म्हणजे काय, ते वहिनींनी त्यावरून ताडलं होतं. भिंत सरळ आहे की नाही हे कुणी बघत नसतानाही बघायचं, एवढंच असावं. शिवणकामातही दुसरं काय असतं?

आता अडचण अशी होती की मास्तरांना ऐकू येत नव्हतं.

एकदम गेलं नाही. सहा वर्षांपूर्वी नाटकगृहाने वादकांना निरोप देऊन ध्वनिमुद्रित संगीत आणलं. त्यानंतर मास्तरांची बोटं लॉजच्या ऑर्गनवर तेवढी जिवंत होत. दोन वर्षांपूर्वी त्यांनी दाराची घंटा वाजूनही उठायचं सोडलं. मग चहाच्या आधणाची शिट्टी. वहिनींनी हळूहळू स्वयंपाकघरातून बोलायचं सोडलं. त्या आता समोर येऊन, तोंडाकडे उजेड राहील असं उभ्या राहून बोलत. एकदा त्यांनी कानाच्या यंत्राची जाहिरात वर्तमानपत्रातून कापून चष्म्याखाली ठेवली. मास्तरांनी तिची नीट चौपदरी घडी केली आणि टेबलाच्या डुगडुगत्या पायाखाली सारली. टेबल तेव्हापासून डुगडुगत नाही.

आणि लॉज? लॉजने नटमंडळींनी करावं तेच केलं, म्हणजे सावरून घेतलं. रंगमंचावर कुणाचं चुकलं तर पडदा पडेपर्यंत प्रेक्षकाला कळू द्यायचं नाही, हे यांच्या हाडीमाशी खिळलेलं. प्रॉम्प्टर दारावर तीन ठोके मारत, त्याबरोबर जमिनीवर पायही आपटत. लाकडी जमीन हादरली की मास्तर समजत. जादूगार यंदा लॉजचा अध्यक्ष होता. त्याने बाहीतून रुमाल काढला की वाजवायला सुरुवात, रुमाल नाहीसा झाला की शेवट. मास्तर लांबवत गेले तर चाळीस जण श्वास धरून तेवढंच लांब गात. इतकं बेमालूम चाललं होतं की नव्या सभासदांना वाटे, या लॉजची गाण्याची हीच पद्धत.

पण येत्या रविवारी ते चालणार नव्हतं. लॉजला शंभर वर्षं होत होती आणि त्या दुपारी पहिल्यांदाच दारं घरच्या माणसांना उघडणार होती. ट्रंपेटवाला गेल्या वर्षी गेला. त्याची बायको गायिका. त्याने तिच्यासाठी लिहिलेलं शेवटचं गाणं ती त्या दिवशी म्हणणार होती, साथीला मास्तर. त्या गाण्यात तिसऱ्या कडव्याआधी एक थांबा होता. ट्रंपेटवाल्याने कागदावर लिहून ठेवलं होतं, ‘इथे ती हवी तेवढी थांबेल.’ किती, ते तिचं तिलाच ठाऊक. साथीदाराने कान देऊन वाट बघायची आणि तिच्या पहिल्या अक्षराबरोबर उतरायचं. बहिऱ्या माणसाने ते कसं करावं? मास्तर आधी घुसले असते तर तिच्या नवऱ्याचं गाणं भर सभेत मोडलं असतं. आणि आधी सांगावं, तर मास्तरांचं ऑर्गनपुढचं बाक जाणार. बाक गेलं तर मास्तर सकाळी उठून करणार काय?

“दाराशी बसवू या का त्यांना? प्रॉम्प्टरबुवा थकलेत,” विदूषक कुजबुजला.

“शहाणा आहेस. दारावरच्याला ठोके ऐकावे लागतात.”

शिवणयंत्र थांबलं. “उठा आता दोघं,” वहिनी म्हणाल्या. “अर्धा डबा संपवलात. मी सांगते त्यांना.”

दोघांचे चेहरे असे उजळले की वहिनींना राग यावा की हसू, कळेना. जाताना जादूगाराने दारात त्यांचा हात धरला. “वहिनी, आम्ही भित्रे नाही हो.”

“आहात. पण चांगल्या जातीचे आहात.”

सांगते म्हणणं सोपं. शुक्रवारी मास्तर जेवणाच्या टेबलावरच गाण्याचा सराव करत होते. बोटं लाकडावर पळत होती, ओठ हलत होते. वहिनी समोर जाऊन उभ्या राहिल्या, उजेडात. मास्तरांनी वर बघितलं. त्या चेहऱ्यावर असा काही आनंद होता, की जणू खोलीभर सूर भरला होता आणि बहिरं कुणी असलंच तर त्याच होत्या.

“काय गं?”

“काही नाही. भाजी गार होतेय.”

शनिवारी त्यांनी कपाटातून एक चपटी पेटी काढली. मास्तर लॉजमध्ये गेले त्या दिवशी तिथल्या रिवाजाप्रमाणे त्यांना हातमोज्यांचे दोन जोड मिळाले होते. एक स्वतःसाठी, दुसरा ज्या बाईविषयी सगळ्यात जास्त आदर वाटतो तिच्यासाठी. तेव्हा लग्न झालेलं नव्हतं. वहिनी नाटकगृहात पडद्याला टीप मारत बसल्या होत्या. मास्तर समोर येऊन उभे राहिले आणि लाल होत म्हणाले, “माझ्याकडे दोन जोड आहेत, त्यातला एक मला होत नाही.” मागणी म्हणतात ती एवढीच. हातमोजे नंतर कधी घातले गेले नाहीत. पांढरे हातमोजे घालून वहिनी काय भांडी घासणार होत्या?

रविवारी त्यांनी ते घातले. अजून बसत होते. वाटेत सांगू, असं ठरवून त्या निघाल्या. वाटेत मास्तर वहिनींच्या हातांकडेच बघत राहिले, तोंडाकडे काही बघेनात, आणि सांगायचं राहून गेलं.

लॉजचं दालन त्यांनी पहिल्यांदा पाहिलं. काळ्यापांढऱ्या चौकटींची जमीन, तिन्ही बाजूंना बाकं, मधोमध एका चौरंगावर गुण्या आणि कंपास. एवढ्याशासाठी चाळीस वर्षं गुपित, असं त्यांच्या मनात आलं. मग त्यांनी बाकांवरच्या माणसांकडे पाहिलं. रोज रंगवलेल्या तोंडाने जगणारी ती माणसं इथे कोऱ्या तोंडांनी बसली होती. विदूषकाचं नाक साधं नाकासारखं होतं. वहिनींना ते एकदम फार आवडलं. गुपित बहुधा हेच असावं.

जादूगार धावत आला. “सांगितलंत?”

वहिनींनी नकारार्थी मान हलवली.

“बरं,” तो म्हणाला आणि बाही चाचपत पुन्हा म्हणाला, “बरं. मी रुमाल घेऊन समोर बसतो.”

गायिका साध्या राखाडी कपड्यांत उभी राहिली. ऑर्गन उत्तरेच्या भिंतीला होता, त्याच्या भात्यात वारा भरणारी मोटर मागच्या खोलीत. रुमाल निघाला, मास्तरांनी सुरुवात केली. पहिलं कडवं छान उतरलं. दुसऱ्याच्या मध्यावर मागच्या खोलीत काहीतरी फाटकन तुटलं. ऑर्गनने एक लांब सुस्कारा सोडला, शेवटचा सूर खाली लोंबकळला आणि बंद झाला. मोटरचा पट्टा गेला होता.

मास्तर वाजवतच होते. बोटं जात होती, पाय जात होते, आणि दालनात बोटांखालच्या पट्ट्यांच्या कोरड्या टकटकीशिवाय काही नव्हतं.

गायिकेचा आवाज थरथरला. वहिनींनी हातमोज्यांतले हात एकमेकांत घट्ट आवळले. आता सगळं उघडं पडणार. तेवढ्यात विदूषक बसल्या जागी गुणगुणायला लागला. ऑर्गनचा खालचा सूर, नेमका तोच. शेजारच्याने त्यावरचा धरला. मग बाकांमागून बाकं सामील होत गेली, तोंडं मिटलेली आणि नजर समोर. चाळीस माणसांचा ऑर्गन झाला. दाराबाहेरून, फटीतून, प्रॉम्प्टरबुवाही येऊन मिळाले.

आणि तो थांबा आला.

गुणगुण थांबली. गायिका थांबली. जादूगाराने खूण करायला रुमाल धरला होता खरा, पण त्या रुमालाने तो डोळे पुसत होता. खूण करणारं कुणीच उरलं नाही. गायिका दिवंगत नवऱ्याच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिली. किती वेळ गेला कोण जाणे. मास्तरांचे हात पट्ट्यांवर अधांतरी होते. ते पाठमोरे नव्हते. ते मान वळवून तिच्या खांद्यांकडे बघत होते, कपड्याचं माप घेताना वहिनी बघतात तसे. खांदे किंचित वर गेले, श्वास भरला. तिच्या पहिल्या अक्षराला मास्तरांची दहाही बोटं मुक्या पट्ट्यांवर उतरली. केसाइतकंही मागेपुढे नाही. ते हात बघून चाळीस जण उतरले.

गाणं संपलं. पाहुण्यांतल्या अर्ध्यांना ऑर्गन बंद पडल्याचं कळलंही नसावं. सगळं दालन टाळ्या वाजवत उभं राहिलं. गायिका मास्तरांजवळ गेली, वाकून त्यांच्या हातांना डोकं लावून आली.

वहिनी चौकटींची जमीन ओलांडून ऑर्गनच्या बाकाशी पोचल्या. आता सांगायचंच. चाळीस वर्षं प्रत्येक कार्यक्रमानंतर मास्तर एकच विचारत, कसं झालं, आणि त्या छान झालं म्हणत. आज त्या तयार होत्या.

पण मास्तरांनी ते विचारलंच नाही. ते टाळ्या वाजवणाऱ्या वहिनींच्या पांढऱ्या हातांकडे बघत होते.

“वारा दुसऱ्या कडव्यात गेला ना?” ते म्हणाले. “जमिनीची थरथर थांबली पायाखाली. म्हटलं, थांबलो तर ती बिचारी उघडी पडेल. दोन वर्षं सगळे मला सावरून घेताहेत. एक दिवस आपणही घ्यावं.”

वहिनींचे हात जागच्या जागी थांबले. “तुम्हाला माहीत होतं?”

“रुमालाने ताल देणारी लॉज जगात दुसरी असेल का? पण तुम्ही सगळे इतकं सुंदर करत होता गं, मोडवेना.” त्यांनी वहिनींचा हातमोज्यातला हात हातात घेतला. “एक सांग. हे घालून टाळी वाजवली की आवाज येतो का?”

“नाही,” वहिनी म्हणाल्या, तोंड उजेडाकडे धरून. “अगदी थोडा.”

मास्तर पुढे वाकले. त्यांना ते फक्त वहिनींना, कानात सांगायचं होतं. पण स्वतःचा आवाज केवढा लागलाय हे त्यांना कळत नव्हतं, त्यामुळे ते मागच्या बाकांपर्यंत, दाराबाहेर प्रॉम्प्टरबुवांपर्यंत लख्ख ऐकू गेलं.

“अगं, मला आता सगळ्यांच्याच टाळ्या अशा वाटतात. मला ऐकू येत नाही.”