रहीमची गाडी बंद पडत नाही

मी एक जीप. मूल गावाच्या पुढे, रानातल्या एका लाकूड-डेपोच्या मागे, मोहाच्या झाडाखाली उभी आहे. उभी म्हणायचं आपलं. चाकं केव्हाच कुणीतरी काढून नेली, तेव्हापासून विटांवर बसले आहे. इकडे फारसं कुणी फिरकत नाही. तुम्ही आलाच आहात, तर घटकाभर थांबा.

माझा जन्म सातासमुद्रापलीकडचा. लढाईसाठी मला घडवलं, पण लढाईचं तोंड पाहायच्या आतच लढाई संपली. लिलावात एका लाकडाच्या ठेकेदाराने मला घेतलं, चांदा जिल्ह्यात आणलं आणि ड्रायव्हर रहीमच्या हवाली केलं.

रहीम वरोऱ्याचा. माणसांशी जेवढ्यास तेवढं बोलायचा, सगळं बोलणं माझ्यासाठी राखून ठेवायचा. फेरी करून परतलो की तो माझं बॉनेट उघडी आणि इंजिन थंड होईस्तोवर बिडी ओढत शेजारी बसे. मग कोरड्या ब्रशने पालापाचोळा आणि गवताचं बी झाडायचं, घासलेटाच्या चिंधीने ओघळलेलं तेल पुसायचं, वायरींना मात्र फक्त सुकं फडकं.

"पाह्य बरं, केवढा चिखल भरून आणला," असं वर मलाच म्हणे. जशी काही चिखलात मी एकटीच गेले होते!

रानातली जनावरं गाडीच्या उबेला टपलेली असतात. दुसऱ्यांच्या गाड्यांत घुशी व्यायच्या, एकीत तर धामण निघाली होती. रहीम माझ्यात धान्याचा दाणाही राहू देत नसे. उग्र वासाने उंदीर दूर राहावेत म्हणून आत तंबाखूच्या काड्यांची जुडी टांगायचा, आणि छपराखाली मला उभी करून बॉनेट रात्रभर बांबूच्या टेकूवर उघडं ठेवायचा.

"उंदराले ऊब पाह्यजे न् अंधार पाह्यजे," तो म्हणे. "अंधारच नाई दिला, तं तो येईन कशाले?"

लोक हसत. रहीमची जीप जांभई देऊन राह्यली, म्हणत. पण सगळ्या रानात एक बोलणं पक्कं झालं होतं, की रहीमची गाडी बंद पडत नाही. खरं सांगू? रात्री त्या उघड्या जबड्याने चांदणं गिळत बसताना मला फार एकटं वाटे. एखादी खार आत येऊन बसली असती तर मी काही तिला हाकललं नसतं.

एकटा तोही होताच. त्याची बायको खैरुन आधी डेपोवरच्या झोपडीत राहायची. त्यांचं पहिलं लेकरू इथल्या तापाने गेलं, तेही चौकीदार वारलूच्या बायकोच्या, मनकर्णेच्या मांडीवर. खैरुन वरोऱ्याला माहेरी गेली ती गेलीच. रहीम बोलवायचा, ती यायची नाही. जेवायला बसला की त्याची पाठ झोपडीच्या दाराकडे असे. दाराकडे तोंड करून जेवणं त्याने सोडूनच दिलं होतं.

अशी काही वर्षं गेली आणि एका पावसाळ्याच्या शेवटी खैरुनचा भाऊ सादिक निरोप घेऊन आला. "दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं चांद्याले उतरते म्हणते. जीप घेऊन ये म्हणते. तू नाई आला, तं संध्याकाळच्या गाडीनं वापस. मंग पुन्हा बोलावजो नको."

रहीमने त्या दिवशी माझं इंजिन दोनदा पुसलं. पुसायला काही नव्हतं तरी पुसलं.

दसरा आला. आमच्याकडे त्या दिवशी कुऱ्हाडी, करवती, बैलगाड्या सगळ्यांची पूजा होते, आणि पुजलेल्या वस्तूला दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावायचा नसतो. मनकर्णा दरवर्षी माझ्या चाकाला हळदकुंकू लावायची. यंदा ताट घेऊन आली आणि म्हणाली, "रहीमभाऊ, आज आतमंधी पूजा करतो. खैरुन येऊन राह्यली. गाडीच्या जिवाले काई व्हाले नको."

तिने इंजिनावर हळदीचे तांदूळ वाहिले, गूळ-खोबरं ठेवलं. देवाजवळ तंबाखू नको म्हणून जुडी काढून बाजूला ठेवली. मग टेकू काढून बॉनेट अलगद खाली घेतलं. देवाचं जेवण उघड्यावर ठेवत नाहीत.

रहीमचा हात बॉनेटपर्यंत गेला आणि मागे आला.

"उद्या सकाळी मीच काढतो," मनकर्णा म्हणाली. त्याने मान हलवली. ज्या बाईने त्याचं मरतं लेकरू मांडीवर घेतलं, तिची पूजा तो कसा झाडून टाकणार?

त्या रात्री माझ्या पोटात पहिल्यांदा अंधार झाला आणि पहिल्यांदा पाहुणे आले. तांदूळ सरले तसे ते वायरींच्या कापडी वेष्टनाकडे वळले. मला ओरडता येत नाही. हॉर्नसुद्धा कुणाला तरी दाबावा लागतो.

सकाळी मनकर्णेने उरलेलं खोबरं रहीमच्या हातावर ठेवलं आणि म्हणाली, "पाह्य, देवानं खाल्लं सारं." त्याने घाईघाईत पाणी-तेल पाहिलं. कुरतडलेलं सगळं मागच्या बाजूला, खाली होतं. शेजारच्या सीटवर त्याने धुतलेली सतरंजी अंथरली आणि आम्ही निघालो. सुकी होते तोवर मी चालले. वाटेतल्या नाल्यात पाणी उडालं, उघड्या वायरी भिजल्या, आणि भर पाण्यात मी गप्प झाले.

बैलजोडी मिळेपर्यंत दुपार कलली. मला काठावर ओढून त्याने बॉनेट उघडलं. तुटलेल्या वायरी जोडल्या. खांद्यावरचा नवा दस्ती-रुमाल फाडून त्याने एकेक वायर गुंडाळली. खालच्या खोबणीत त्याला हळदीच्या तांदळाचे चार-दोन दाणे सापडले. ते त्याने मुठीत धरले, बराच वेळ धरले, आणि नाल्यात सोडून दिले.

चांद्याच्या स्टेशनावर पोहोचलो तेव्हा दिवे लागले होते. चहावाला म्हणाला, "बाई होती नं. दिवसभर बाकावर बसली होती. गाडी आली तशी चढली."

परत येताना अंथरलेली सतरंजी तशीच माझ्या सीटवर होती. दारात उभ्या मनकर्णेने रिकामी सीट पाहिली. "काऊन, भाऊ? आली नाई?"

"नाल्यात अडकलो, बाई. वायर जुनी झाली होती," रहीम म्हणाला. एवढंच.

पुढच्याच आठवड्यात तो मला घेऊन वरोऱ्याला गेला. सासऱ्याच्या दारात मी इतकी गुणी, इतकी एका सुरात चालत होते, की माझीच मला लाज वाटली. खैरुन पडद्याआडून बोलली, "सारं रान म्हणते रहीमची गाडी बंद पडत नाई. न् माह्याच दिवशी पडली?"

मनकर्णेचं नाव सांगितलं असतं तर तिला कदाचित पटलंही असतं. पण ते बोलणं फिरत फिरत डेपोवर आलं असतं, आणि त्या बाईचा जीव जळून गेला असता. रहीम उंबऱ्यापासून मागे फिरला. मग बॉनेटवर हात ठेवून मला म्हणाला, "चाल."

पुढच्या दसऱ्याला मनकर्णा पुन्हा ताट घेऊन आली. "द्या बाई, आतमंधी मीच ठेवतो," म्हणून त्याने ताट घेतलं, तिची पाठ वळताच तांदूळ चाकापाशी वाहिले आणि फूल तेवढं इंजिनावर ठेवलं. दरवर्षी हेच चाले. तिला अजून काही ठाऊक नाही. ती मला हात जोडून जाते, तेव्हा मला तोंड कुठे लपवावं कळत नाही.

मग ठेकेदाराने नवी गाडी आणली, तिच्यासोबत तिचा ड्रायव्हरही आणला. रहीमला राजुऱ्याकडे काम मिळालं. जायच्या दिवशी त्याने मला ह्या झाडाखाली लावून नेहमीसारखं झाडलं, पुसलं, जुडी टांगली, बॉनेटला टेकू दिला. मी आता कुठेही जाणार नव्हते, हे त्यालाही माहीत होतं.

टेकूला वाळवी लागली आणि गेल्या पावसात बॉनेट खाली पडलं. आता आत अंधार आहे, ऊब आहे. उंदीर आहेत, एक खारही आहे. सोबत मिळाली, पण एकटेपण काही गेलं नाही. जमलं तर बॉनेटला एखादी काठी लावून जा.

आणि कधी वरोऱ्याला गेलात तर खैरुनला शोधा. मनकर्णेचं नाव काढू नका. एवढंच सांगा, की मला जीपने स्वतः सांगितलं. त्या दिवशी ती खरंच बंद पडली होती.