मागून मारलेली हाक

दादा भोंगवलीहून भाजी घेऊन गाडीवर निघाला, तेव्हा मंगलवहिनीने मागून हाक मारली, "अवो, डबा राहिला!" तो माघारी फिरला, डबा घेतला, गेला आणि नसरापूरच्या स्टँडवर कोसळला. हृदय बंद पडलं होतं. लोकांनी छाती दाबली, दवाखान्यात ते पुन्हा सुरू झालं. दादा मात्र शुद्धीवर आलाच नाही.

वहिनीने सगळं खापर स्वतःवर फोडून घेतलं. "निघालेल्या मानसाला मागनं हाक मारली म्या, वन्सं." तेव्हापासून तोंडाला कुलूप. मी असल्या गोष्टींना हसणारी बाई, पण या वेळी हसू आलं नाही.

आज डॉक्टरीणबाईंनी दादाच्या डोक्याला वायरी चिकटवल्या. पडद्यावर मेंदूच्या लहरी सरकू लागल्या.

"गुंगीचं औषध बंद केलंय. हाक मारली, चिमटा काढला, की या रेषा बदलायला हव्यात. बदलल्या तर आशा आहे."

नाही बदलल्या तर काय, ते विचारायची मला भीती वाटली.

त्यांनी टाळी वाजवली, चिमटा काढला. रेषा तशाच. मी ओरडले, "दादा!" माझा आवाज अख्ख्या भोंगवलीला पुरतो, दादापर्यंत पोचला नाही.

"त्यांच्या मिसेसना बोलवा."

वहिनी दारातच थिजली. "न्हाई. येकदा मारली तर ह्ये झालं. आता मारली अन् काईच हाललं न्हाई तर?"

मलाही तीच धास्ती होती, म्हणून तर तिच्यावर चिडले. "वयनी, मागनं हाक का मारत न्हाईत? निघालेला मानूस माघारी फिरतो म्हनूनच ना? मंग आता दादाला माघारीच फिरवायचाय. मार हाक!"

ती उशाशी गेली, दादाच्या डोक्यामागे उभी राहिली. मग एकदम ओरडली, "अवो! डबा राहिला!"

संथ चाललेल्या रेषा भराभर बदलल्या. डॉक्टरीणबाई पुढे वाकल्या. "पुन्हा."

पुन्हा हाक. पुन्हा रेषा बदलल्या.

"चांगली खूण आहे. पण जागे होतीलच, असं आज सांगता येणार नाही."

मी भिंतीला टेकून रडले. वायरी निघाल्या, नर्स बाहेर चला म्हणाली, तरी वहिनी उशाशीच.

"मला हलवू नगा," ती म्हणाली. "आत्ता कुठं त्ये वळल्यात. मी गप बसले, तर पुन्ना निघतील."